ऐकू येतं, कळत नाही

“काय म्हणाला गं तो?”

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या हॉलमध्ये सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य हेच असेल. आई विचारायची, मी सांगायचे. मी सांगेपर्यंत पडद्यावर पुढची दोन वाक्यं होऊन गेलेली असायची, मग तीही विचारावी लागायची. थोड्या दिवसांनी तिनं विचारणंच सोडलं. सिनेमा लागला की खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत येऊन बसायची, मांडीवर निवडायला मेथी नाहीतर शेंगा, आणि नजर पडद्याकडे कमी, आमच्या चेहऱ्यांकडे जास्त. आम्ही हसलो की तीही हसायची. हे माझ्या लक्षात यायला पंधरा दिवस लागले. ज्या संध्याकाळी लक्षात आलं त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

टीव्हीचा आवाज तेव्हा ४५ वर असायचा. आणखी वाढवायला गेलं की ती हात करून थांबवायची. “अगं, ऐकू येतंय मला. कळत नाहीये.”

या दोन वाक्यांमधला फरक मला कानांच्या तपासणीच्या दिवशी समजला. तपासणाऱ्या बाईंनी एक आलेख समोर ठेवला. डावीकडे २५० हर्ट्झ, म्हणजे खालची पट्टी, उजवीकडे ८०००, म्हणजे वरची. आईची रेघ डावीकडे बरी होती, पण १००० च्या पुढे जिना उतरावा तशी खाली खाली गेलेली. बाई म्हणाल्या, स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. आ, ओ, ऊ हे दणकट गडी. पण स, श, फ, थ यांचा जीव वरच्या पट्टीत, २००० हर्ट्झच्या पुढे, आणि त्यांचा आवाज मुळातच बारीक. वयानं कान जातो तो वरूनच जातो. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे समजतं, बाई की पुरुष तेही समजतं, पण ‘सात’ म्हणाला की ‘हात’, हे समजत नाही. नुसता आवाज वाढवला तर स्वरच आणखी मोठे होतात आणि व्यंजनं त्यांच्याखाली चेपली जातात.

श्रवणयंत्र घेतलं. समोरासमोरच्या बोलण्यात चांगला फरक पडला. टीव्हीपुढे मात्र जवळजवळ नाहीच. टीव्हीचा आवाज थेट यंत्रात पोचवणारी छोटी डबीही मिळते. ज्यांचं ऐकणं फार कमी झालंय त्यांच्यासाठी ती मोलाची आहे, आणि वेळ आली तर आम्हीही घेऊ. पण आईचं म्हणणं वेगळं होतं. “मला एकटीला कानात नको. तुम्ही ऐकता तेच ऐकायचंय.”

आमच्या घरात होम थिएटर आलं ते अशा कारणानं. त्या आठ-दहा महिन्यांत जे शिकले त्यातली एक गोष्ट मी आता कुणालाही सांगते: घरात ज्याला सगळ्यात कमी ऐकू येतं त्याच्या खुर्चीत जाऊन बसा आणि खरेदीचा विचार तिथून सुरू करा.

दोष टीव्हीकडेही होताच. टीव्ही सपाट होत गेले तसे त्यांचे स्पीकर गरीब होत गेले. जुन्या खोक्याच्या टीव्हीत स्पीकर पडद्याशेजारी जाळीमागे असायचा, तोंड आपल्याकडे. खोकं खोल, त्यामुळे त्याच्या मागे हवेलाही जागा. आताचा टीव्ही बोटभर जाडीचा. स्पीकर खालच्या कडेला किंवा पाठीवर, तोंड जमिनीकडे नाहीतर भिंतीकडे. आवाज आधी कुठेतरी आपटतो आणि मग आपल्यापर्यंत येतो. तरण्या कानांचं त्यावाचून अडत नाही. आईच्या कानांपर्यंत येता येता वाटेतच शब्दांच्या कडा झिजून जात होत्या.

तिचं माहेर माणदेशातलं. लहानपणी जत्रेत तंबूतले सिनेमे यायचे, त्यांची ती आठवण सांगते. पडदा दोन बांबूंमध्ये ताणलेला, आणि त्याच्या पाठीमागे बांधलेला कर्णा. बायका-पोरी खाली मातीत बसायच्या. वाऱ्यानं पडदा फुगला की नटांचे चेहरे वाकडे व्हायचे. “पण शब्द न् शब्द कळायचा,” ती म्हणते. मला आधी वाटायचं, ही आठवणीची माया आहे. पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की तिचं म्हणणं यंत्राच्या हिशेबानंही बरोबर आहे. कर्णा संगीताला वाईट, पण माणसाच्या बोलण्याच्या पट्टीत तो फार कार्यक्षम असतो. थोडक्या विजेवर आवाज लांब फेकतो. आणि शब्द कळायला फार मोठी पट्टी लागतही नाही. आपल्या जुन्या टेलिफोनवरून जेमतेम ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच पोचायचं, आणि तेवढ्यात लोकांनी लग्नं जमवली. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कर्णा पडद्याच्या मागे होता. बोलणं जिथून दिसत होतं तिथूनच ऐकू येत होतं.

पक्क्या थिएटरातही हेच असतं. पुढे जाऊन हात लावून पाहिलं तर तिथल्या पडद्याला बारीक बारीक भोकं दिसतात. त्या भोकांतून आवाज यावा म्हणून. पडद्यामागे मधोमध एक स्पीकर उभा असतो आणि सिनेमातलं जवळजवळ सगळं बोलणं त्याच्यातून येतं. डावे-उजवे, मागचे, आजूबाजूचे यांच्यात संगीत, पाऊस, गर्दी, गाड्या. दुकानात ५.१ असं लिहिलेलं असतं त्यातले ५ म्हणजे पुढचे डावा, मधला, उजवा आणि बाजूचे दोन, आणि .१ म्हणजे फक्त खालच्या घुमाऱ्यासाठीचा सबवूफर. १९९२ पासून डॉल्बीची ही डिजिटल पद्धत थिएटरांत आली आणि पुढे घरात. आपल्याकडे ‘डॉल्बी’ म्हटलं की मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती आणि थरथरणाऱ्या खिडक्या आठवतात. मला मात्र या कंपनीविषयी एक गोष्ट सांगायला आवडते. १९६५ मध्ये ती सुरू झाली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. आवाज मोठा करणं हे तिचं मूळ कामच नव्हे. नको तो आवाज बाजूला काढायचा, म्हणजे हवा तो ऐकू येतो.

दादा नाशिकला असतो. त्याला फोन केला तर तो म्हणाला, “५.१ चा तयार सेट घेऊन टाक, खोक्यात सगळं येतं.” आम्ही एका मोठ्या दुकानात गेलो, आईला घेऊन. तिथल्या मुलानं मनापासून दाखवलं, त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पण त्यानं लावला तो गाड्यांच्या पाठलागाचा प्रसंग. काचा फुटल्या, स्फोट झाले, छाती हादरली. आई शांतपणे बसून होती. संपल्यावर तिनं त्याला विचारलं, “यात कुणी बोलत नाही का रे बाळा?”

त्या दिवशी आम्ही काहीच न घेता परत आलो.

दुसऱ्या दुकानात जाताना मी पेन ड्राइव्ह घेऊन गेले. त्यात तीन गोष्टी होत्या. एक मराठी बातमीपत्र, एका नाटकाचं चित्रीकरण आणि एका जुन्या कृष्णधवल मराठी सिनेमातला स्वयंपाकघरातला प्रसंग, ज्यात दोघी जणी एकमेकींना न दुखवता भांडतात. हे तिन्ही आईच्या ओळखीचे नव्हते. ओळखीचं असलं की मन रिकाम्या जागा आपोआप भरतं आणि परीक्षा खोटी ठरते. प्रत्येक संचावर तेच तिन्ही लावायला सांगितले, आवाज मध्यम, आणि आईनं फक्त ऐकलेलं वाक्य मला परत म्हणून दाखवायचं. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं बघत होती. बघू देत. स्पीकर निवडायची याहून चांगली रीत मला अजून सापडलेली नाही. साडी घेताना आपण दुकानाच्या दारात नेऊन उजेडात रंग बघतो, तसंच हे.

तिथे दोन गोष्टी पक्क्या झाल्या. पहिली, वॉटच्या आकड्यांकडे बघायचं नाही. आमच्या कॉलेजच्या दिवसांत टेपरेकॉर्डरच्या खोक्यांवर हजारो वॉट पीएमपीओ असं छापलेलं असायचं. त्या आकड्याला अर्थ नव्हता. विचारायचंच असेल तर आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे वॉट, किती ते विचारावं, आणि त्याच्याही आधी स्पीकरची संवेदनक्षमता विचारावी. आमच्या स्पीकरची ८७ डेसिबल आहे. म्हणजे फक्त १ वॉट दिला तर १ मीटरवर तो ८७ डेसिबल आवाज देतो, आणि आठ फुटांवर ८० च्या आसपास. आपण गप्पा मारतो ते साधारण ६० डेसिबलवर. बोलणं ऐकायला आपण एक वॉटही पुरा वापरत नाही. आणि वॉट दुप्पट केले तरी वाढतात ते ३ डेसिबल, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतके.

दुसरी गोष्ट मधल्या स्पीकरची, आणि हिच्यावर मला थोडं थांबायचंय.

दोनच स्पीकर असले तरी नटाचा आवाज मधूनच आल्यासारखा वाटतो. दोन्हीकडून सारखा आवाज सारख्या वेळी आला की कानाला तो मधल्या रिकाम्या जागेतून आल्याचा भास होतो. पण हा भास फक्त बरोबर मध्ये बसलेल्याला. आमच्या हॉलमध्ये सोफ्यावर मधोमध बसतो माझा मुलगा. आई बसते उजवीकडे खिडकीजवळ, कारण तिथे निवडण-टिपणाला उजेड चांगला आणि उठताना खिडकीच्या कठड्याला हात टेकता येतो. मी टेप लावून मोजलं. तिच्या खुर्चीपासून उजवा स्पीकर ७ फूट, डावा ११. आवाजाला एक फूट कापायला एक मिलिसेकंदाहून किंचित कमी वेळ लागतो, म्हणजे उजव्याचा आवाज तिच्याकडे साडेतीन मिलिसेकंद आधी पोचणार. ऐकायला हे काहीच नाही. पण जो आवाज आधी येतो त्याच्याकडेच कान वळतो. एका मिलिसेकंदाचा फरकही पुरतो. तिच्यासाठी नट पडद्यावर ओठ हलवणार आणि बोलणार मात्र कोपऱ्यातल्या स्पीकरमधून. ओठ आणि शब्द यांची फारकत. आणि ज्याला कमी ऐकू येतं तो ओठांवरून बरंच समजून घेत असतो.

मध्ये खरा स्पीकर असला की हा प्रश्नच मिटतो. कुणीही कुठेही बसा, बोलणं पडद्याखालून येतं. होम थिएटरची सगळी चित्रं सोफ्याच्या मधल्या जागेसाठी काढलेली असतात, घरातल्या कर्त्या माणसासाठी. कडेला बसणारी माणसं, खुर्चीत, दिवाणावर, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघणारी, त्यांच्यासाठी काही असेल तर तो हा मधला स्पीकर. मला हे समजलं तेव्हा मी खरेदीची यादी फाडून पुन्हा लिहिली.

टीव्ही सोडून ७० हजार ठरवले होते. ५.१ चा खोक्यातला सेट बाद. त्यात मधला स्पीकर बहुधा लहानच असतो आणि त्यातलं काही सहसा सुटं बदलता येत नाही. साउंडबारचा, म्हणजे टीव्हीखाली ठेवायच्या एकाच लांबट स्पीकरचा, आम्ही गंभीरपणे विचार केला, कारण भाड्याच्या घरात किंवा लहान हॉलमध्ये तोच शहाणपणाचा. फक्त घेताना २.१ लिहिलंय की ३.१ ते बघावं. २.१ मध्ये मधला स्पीकर नसतो. ३.१ मध्ये असतो, आणि तो एकटा वाढवता येतो का हे रिमोट हातात घेऊन तपासावं. शेवटी आम्ही एक साधा एव्ही रिसीव्हर आणि तीनच स्पीकर घेतले. डावा, मधला, उजवा. निम्मे पैसे रिसीव्हरला गेले, उरलेल्यातला मोठा वाटा मधल्याला. बाजूचे दोन पुढच्या दिवाळीला, नाहीतर त्याच्या पुढच्या. तिन्ही एकाच जातीचे घेतले, नाहीतर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच तिचा आवाज बदलतो.

रिसीव्हर म्हणजे घरातला कारभारी. सगळे स्रोत त्याच्याकडे येतात आणि कुणाला काय द्यायचं ते तो ठरवतो. आम्हाला त्याच्याकडून तीन कामं हवी होती. टीव्हीचा आवाज एकाच एचडीएमआय वायरीतून परत घेता यावा, म्हणजे एआरसी, जमल्यास ईएआरसी. प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा कमीजास्त करता यावा. आणि रात्रीची सोय असावी, ज्यात स्फोट दाबले जातात आणि कुजबुज उचलली जाते. सिनेमाचा आवाज मिसळतात तो मोठ्या थिएटरच्या हिशेबानं, जिथे सगळ्यात मोठे क्षण १०५ डेसिबलपर्यंत जातात. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तसं ऐकता येत नाही आणि ऐकूही नये. या तिन्हींशिवाय एक चौथी गोष्ट अनपेक्षित हाती लागली. जुने मराठी सिनेमे एकाच आवाजाचे, मोनो. डाव्या-उजव्यात तंतोतंत सारखं. रिसीव्हरला सराउंडवर, म्हणजे आवाज सगळ्या स्पीकरांत वाटायच्या सोयीवर, ठेवलं की तो हे ओळखतो आणि सगळा आवाज मधल्या स्पीकरकडे पाठवतो. आईचे आवडते सगळे सिनेमे आता त्या एका स्पीकरमधून येतात, तंबूतल्या कर्ण्यासारखे.

वायर आणायला पुण्यातल्या तपकीर गल्लीत गेले. दुकानदार काकांनी सोनेरी टोकांच्या महागड्या वायरींकडे बघूही दिलं नाही. “किती फूट?” एवढंच विचारलं आणि अस्सल तांब्याची दीड स्क्वेअर एमएमची जोडवायर मोजून दिली. “तांबं शुद्ध पाहिजे. बाकी सगळं मनाचे खेळ, ताई.” घरी येऊन टोकं सोलली. हे काम सावकाश करावं. तांब्याचे केस पिळून एकत्र करायचे, एकही केस बाहेर राहता कामा नये. लाल टोकाचा केस काळ्याला चिकटला तर रिसीव्हर जळू शकतो. मी एवढी काळजी घेतली आणि तरी मधल्या स्पीकरला लाल-काळा उलटा लावला. दोन दिवस काहीतरी पोकळ वाटत होतं, गाणं पातळ, जणू मधूनच कुणी पोखरलंय. स्पीकर वाईट लागला म्हणून मी परत करायला निघाले होते. तिसऱ्या दिवशी मागे वाकून पाहिलं तेव्हा दिसलं. एक स्पीकर आपल्या आतला पडदा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढत होता, आणि दोघं मिळून एकमेकांचा खर्ज खात होते.

मग जागा. टीव्हीखालच्या कपाटात एक सुरेख कप्पा होता, जणू मधल्या स्पीकरसाठीच. तिथे आत सरकवला आणि बातम्या देणारी बाई रांजणात तोंड घालून बोलायला लागली. कप्प्यात घुमणारा आवाज शब्दांवर साय धरतो. स्पीकर पुढे ओढून कपाटाच्या कडेला टेकवला, तेव्हा साय गेली. पण तो होता गुडघ्याच्या उंचीवर आणि बोलत होता गुडघ्यांशीच. दाराला लावायचा रबरी अडसर पुढच्या बाजूनं खाली सरकवला आणि स्पीकरची मान वर झाली. आईच्या खुर्चीत बसून, डोकं तिच्या उंचीवर आणून, मी तो रबराचा तुकडा आत-बाहेर करत राहिले. एका ठिकाणी ‘स’ एकदम उघडा पडला. तिथे पेन्सिलीनं खूण केली आहे. केर काढताना सरकला तर परत लावता येतो.

रिसीव्हरसोबत एक लहानसा माइक येतो. तो बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवायचा. रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून कुईं कुईं आवाज सोडतो, आणि कोण किती लांब, कोण किती मोठा ते स्वतः मोजून घेतो. पहिली जागा आम्ही आईच्या खुर्चीची दिली. पंखा बंद, मुलगा चिडीचूप, नवरा दारात बेल वाजू नये म्हणून उभा. तिसऱ्या कुईंला शेजारच्या स्वयंपाकघरातला कुकर बोलला. पुन्हा पहिल्यापासून. मापं झाल्यावर मधला स्पीकर मी हातानं आणखी वर नेला, अर्ध्या-अर्ध्या पायरीनं, आणि आई वाक्यं परत म्हणत गेली. अधिक ४ वर ती थांबली. “आता बरा बोलतोय.”

तरीही काहीतरी उरलं होतं, आणि ते आमच्या हॉलमध्येच होतं. दहा बाय पंधरा, खाली गुळगुळीत फरशी, एका बाजूला सरकती काच, भिंती उघड्या. मधोमध उभं राहून टाळी वाजवली की पाठोपाठ एक झिणझिणाट यायचा. प्रत्येक शब्दामागे ही शेपटी लागते आणि पुढच्या शब्दावर पडते. कितीही महाग स्पीकर आणला तरी तो याच खोलीत बोलणार. माझं ठाम मत आहे की शेवटचे दहा हजार स्पीकरवर घालण्याऐवजी खोलीवर घालावेत, आणि बहुतेक वेळा दहा हजार लागतही नाहीत.

आवाज भिंतीवर नेमका कुठे आपटतो ते आरशानं कळतं. मी आईच्या खुर्चीत बसले, मुलगा हातातला आरसा बाजूच्या भिंतीवर टेकवून हळूहळू सरकवत गेला. ज्या जागी आरशात मला स्पीकर दिसला ती जागा. तिथे काय लावायचं यावर चर्चा चालू असताना आई आत गेली आणि ट्रंकेतून गोधडी घेऊन आली. आजीनं शिवलेली. आत जुन्या लुगड्यांचे थर, वरून धावदोऱ्याच्या रांगा इतक्या जवळ की बोट फिरवलं तर शेतातल्या सऱ्यांसारख्या लागतात. एका कोपऱ्यात आजोबांच्या धोतराचा तुकडा आहे, पांढरा होता तो आता दुधाळ पिवळा झालाय. लाकडी दांडीवर ती गोधडी भिंतीला टांगली, भिंतीपासून दोन बोटं सोडून, म्हणजे मागच्या हवेचाही उपयोग होतो. काचेला जाड पडदा, खाली सतरंजी, सोफ्यामागे पुस्तकांचं कपाट उघडं. टाळी वाजवली. ती टाळीसारखीच वाजली आणि संपली. चारही भिंती मात्र कापडानं मढवू नयेत. कापड आधी वरची पट्टी खातं, आणि आईला तीच तर आधीच कमी पडते.

सबवूफर आम्ही घेतला नाही. दादाला हे अजून पटलेलं नाही. त्याचं चूक नाही. ढोलाचा, गडगडाटाचा अनुभव त्याच्याशिवाय अपुराच. पण खालचा आवाज भिंती मानत नाही. ८० हर्ट्झची लाट सव्वाचार मीटरची असते, ४० ची त्याच्या दुप्पट. ती स्लॅबमधून खालच्या घरात उतरते, आणि आमच्या खाली एक तान्हं मूल आहे. कायदा निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल म्हणतो, पण त्या बाळाच्या झोपेसाठी मला कायदा काढून बघायची गरज वाटली नाही. शिवाय दहा बाय पंधराच्या खोलीत ३८ आणि ५६ हर्ट्झच्या आसपास आवाज स्वतःच फुगतो, आणि तो फुगारा शब्दांवर बसतो. आमच्या स्पीकरमध्ये तबल्याचा डग्गा पुरेसा भरून येतो. कधी घेतलाच तर आठ इंची घेईन, आणि जागा शोधायची जुनी युक्ती करीन: सबवूफर खुर्चीवर ठेवायचा आणि आपण रांगत खोलीभर फिरायचं, जिथे डग्गा स्वच्छ वाजेल तिथे नंतर तो ठेवायचा.

पडद्याबद्दल थोडकंच सांगते. ५५ इंची टीव्हीला साडेसात-आठ फूट अंतर छान, पडदा नजरेच्या ३० अंशांत भरतो. ज्याच्या हॉलमध्ये दिवसा उजेड येतो त्यानं प्रोजेक्टरच्या मागे लागू नये. टीव्ही आणल्यावर दुकानातला भडक रंगांचा मोड काढून सिनेमाचा मोड लावावा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी; सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, तो तसाच शोभतो. जुना सिनेमा जवळजवळ चौकोनी असतो, तो ताणू नये. दोन्ही कडांना काळे पट्टे येतात, येऊ देत. ताणलेल्या चित्रात आईची आवडती नटी जाडी दिसते आणि आईला त्याचा मनापासून राग येतो.

आणि एक मागणं. मराठी सिनेमाखाली अनेकदा इंग्रजी ओळी असतात, मराठी नसतात. मराठी माणसाला मराठी कशाला वाचायला हवं, असं वाटत असेल कुणाला. माझी आई सातवी शिकलेली आहे, रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचते. एखादा शब्द निसटला तर खालच्या ओळीतून तिला तो उचलता आला असता. असे लाखो कान या राज्यात असतील. सिनेमा करणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर एवढं करा.

विजेचं काम वायरमनकडून बघून घेतलं. अर्थिंग नीट नसेल तर स्पीकरमधून सतत हुं हुं येत राहतं. पावसाळ्यात महिनाभर बंद ठेवू नये, रोज थोडा वेळ लावला की यंत्राच्या उबेनं दमट धरत नाही.

परवा शनिवारी रात्री सिनेमा लावला. आई खुर्चीत, मांडीवर परातीत मेथी. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. दहा मिनिटं झाली असतील.

“आज हा लांबून का बोलतोय गं?”

मला काही फरक वाटत नव्हता. नवऱ्यालाही नाही. मी हात पुसून रिसीव्हरचा मेन्यू उघडला. दुपारी मुलानं त्याच्या खेळासाठी काहीतरी बदललं होतं. मधला स्पीकर अधिक ४ वरून ० वर आलेला. मी एक एक पायरी वर नेत गेले. आई पडद्याकडे बघत होती, बोटं काड्यांवरून पानं खुडत होती. चौथ्या पायरीला बोटं थांबली.

“हां. आला जवळ. राहू दे तिथेच,” ती म्हणाली, आणि पुढची जुडी सोडली.